एक बिऱ्हाड, दोन राज्यें

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण सैनिकाच्या संसाराला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याहि संसाराला क्वचितच पडत असेल. आज एका छावणींत मांडलेली चूल दोन-तीन वर्षांनीं मोडावयाची, मुलांचीं नांवें शाळेंतून काढावयाचीं, आणि हुकुमांत लिहिलेल्या नव्या गांवीं सर्व कांहीं पुन्हा प्रथमपासून मांडावयाचें, हा त्याचा क्रम. तथापि बिऱ्हाड निराळें आणि घर निराळें. बिऱ्हाड म्हणजे माणूस आज जेथें राहतो तें ठिकाण. घर म्हणजे जेथें तो अखेर परत जाणार तें ठिकाण. सामान्य माणसाच्या दृष्टीनें हा भेद जिव्हाळ्याचा आहे, हिशेबाचा नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हाच भेद कराच्या कचेरींत डॉलर आणि सेंट यांनीं मोजला जातो. नवऱ्याचें घर एका राज्यांत, बायकोचें दुसऱ्या राज्यांत आणि दोघांचें बिऱ्हाड तिसऱ्याच राज्यांत, असा प्रकार तेथील सैनिकी कुटुंबांत नेहमीं आढळतो. आणि मग या तीन राज्यांपैकीं कोणीं कोणाच्या कमाईवर कर घ्यावा, हा प्रश्न दरसाल उभा राहतो. महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांचीं मुलें आज त्या देशांत स्थायिक आहेत, आणि तेथें कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परदेशी माणसालाहि सैन्यांत भरती होतां येतें. तेव्हां हा विषय मराठी श्रोत्यांना अगदींच परका नाहीं.

भारतांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. शेतीचें उत्पन्न वगळल्यास प्राप्तीवर कर बसविण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेनें मध्यवर्ती सरकारकडे ठेवला आहे. साताऱ्याच्या जवानाची नेमणूक पठाणकोटला होवो कीं कोचीनला होवो, त्याच्या प्राप्तिकराचा हिशेब एकाच सरकारशीं. राज्यांना व्यवसायकर घेतां येतो हें खरें. पण एका माणसाकडून एका राज्यानें वर्षाला २,५०० रुपयांपेक्षां अधिक घेऊं नये, अशी मर्यादा घटनेनेंच घालून दिली आहे. अमेरिकेची व्यवस्था निराळी. १९१३ सालच्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर तेथील मध्यवर्ती सरकार प्राप्तिकर घेत आलें आहे. त्याशिवाय पन्नास राज्यांपैकीं बहुतेक राज्यें आपापला स्वतंत्र प्राप्तिकर घेतात. प्रत्येकाचे दर निराळे, सवलती निराळ्या, पत्रकें निराळीं. टेक्सास, फ्लॉरिडा, टेनेसी, नेवाडा, अलास्का अशीं कांहीं राज्यें नोकरीच्या पगारावर कर घेत नाहींत. उलट व्हर्जिनियांत, २०२५ सालच्या दरानें, करपात्र उत्पन्न १७,००० डॉलरांच्या पुढें गेलें कीं वरच्या प्रत्येक शंभर डॉलरांमागें पावणेसहा डॉलर द्यावे लागतात. अर्थात् घर कोणत्या राज्यांत मानावयाचें, या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची वर्षाकाठची बरीचशी शिल्लक अवलंबून असते.

राज्याचा हा अधिकार दोन आधारांवर उभा असतो. पहिला आधार अधिवासाचा. ज्या ठिकाणीं माणसानें आपलें कायमचें घर मानलें आहे, आणि कोठेंहि गेला तरी जेथें परतण्याचा त्याचा संकल्प आहे, तें त्याच्या अधिवासाचें ठिकाण. आणि एका वेळीं माणसाचा अधिवास एकच असूं शकतो. दुसरा आधार कमाईच्या जागेचा. ज्या राज्याच्या हद्दींत श्रम करून पैसा मिळविला, तें राज्यहि त्या पैशांतला वांटा मागूं शकतें. सामान्य मनुष्य नोकरीसाठीं गांव बदलतो तेव्हां तो स्वखुषीनें बदलतो, आणि बहुधा त्याचीं मुळेंहि हळूहळू नव्या मातींत रुजतात. सैनिकाचें तसें नाहीं. नॉरफोक येथील आरमारी तळावर ज्याची नेमणूक झाली त्यानें व्हर्जिनिया राज्य पसंत केलें, असें म्हणतां येत नाहीं. सरकारच्या हुकुमानें तें त्याच्या वांट्याला आलें. जेथें इच्छाच नाहीं तेथें अधिवास कसा बदलेल?

या न्यायाला अमेरिकेनें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कायद्याचें रूप दिलें. सैनिकांच्या दिवाणी हक्कांचें रक्षण करणारा कायदा १९४० सालीं झाला, आणि १९४२ सालीं त्यांत एक कलम घालण्यांत आलें. लष्करी हुकुमामुळें एखाद्या राज्यांत राहावें लागलें, एवढ्यावरून करापुरता सैनिकाचा जुना अधिवास तुटत नाहीं व नवा जडत नाहीं, आणि त्याचा लष्करी पगार हा त्या परक्या राज्यांत मिळविलेला पगार समजावयाचा नाहीं, असा त्या कलमाचा आशय. १९५३ सालीं या कलमाची कसोटी सर्वोच्च न्यायालयांत लागली. लुईझियानाचा रहिवासी असलेला विमानदलाचा एक अधिकारी कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं भाड्याच्या जागेंत राहत होता. त्याच्या घरांतील सामानसुमानावर त्या शहरानें कर बसविला. रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व क्षुल्लक नव्हतें. त्याचें मूळ राज्य असा कर घेवो वा न घेवो, डेन्व्हरला तो घेतां येणार नाहीं, असा निकाल न्यायालयानें दिला. २००३ सालीं हा सर्व कायदा नव्यानें लिहिण्यांत आला, तेव्हांहि हें तत्त्व कायम राहिलें.

येथवर सैनिकाचें घर सुरक्षित झालें. पण सैनिकाच्या पत्नीचें काय?

१९४२ सालीं हा प्रश्न फारसा कोणास सुचला नसावा, आणि त्याला कारणहि होतें. इंग्रजी कायद्याच्या जुन्या परंपरेप्रमाणें लग्न होतांच पत्नीचा स्वतःचा अधिवास लोपून तिला पतीचा अधिवास लागत असे. आपल्याकडील १९२५ सालच्या भारतीय उत्तराधिकार कायद्यांत या परंपरेचा ठसा स्पष्ट दिसतो. केवळ सरकारच्या मुलकी वा लष्करी नोकरीनिमित्त एखाद्या ठिकाणीं राहिल्यानें तेथें अधिवास होत नाहीं, हें तत्त्व त्यांत आहे. आणि लग्नानें पत्नीला पतीचा अधिवास प्राप्त होतो, हेंहि त्यांत आहे. अमेरिकेंत पुढें काळ पालटला. स्त्रिया शिकल्या, नोकऱ्या करूं लागल्या, त्यांच्या नांवावर पैसा व मालमत्ता आली, आणि पत्नीचा अधिवास तिचा स्वतःचा असूं शकतो, हें तेथील कायद्यानें मान्य केलें. स्त्रीच्या दृष्टीनें ही मोठीच प्रगति होय. तथापि या प्रगतींतूनच सैनिकाच्या संसारांत एक विपरीत प्रकार निर्माण झाला. पतीला हुकूम होता, म्हणून त्याचें घर त्याच्या मूळ राज्यांतच राहिलें. पत्नीला हुकूम नव्हता, ती केवळ पतीबरोबर आली होती, म्हणून जेथें बिऱ्हाड तेथलीच ती रहिवासी ठरूं लागली. एकाच छपराखालीं, एकाच ताटलींत जेवणारीं दोन माणसें कायद्याच्या दृष्टीनें दोन राज्यांचीं झालीं. दर बदलीबरोबर पत्नीचें राज्य बदलावयाचें, तिच्या पगारांतून नव्या राज्याचा कर कापला जावयाचा, आणि पतीचें राज्य मात्र जेथल्या तेथें.

हा अन्याय दूर होण्यास २००९ साल उजाडलें. त्या वर्षीं नोव्हेंबरच्या ११ तारखेस सैनिकांच्या जोडीदारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. जोडीदार केवळ सैनिकाच्या सहवासासाठीं त्याच्या नेमणुकीच्या राज्यांत राहत असेल, तर त्याचाहि अधिवास बदलत नाहीं, आणि नोकरीच्या कमाईवर त्या राज्याला कर घेतां येत नाहीं, असें त्यानें ठरविलें. पण त्यांत एक अट होती: दोघांचा अधिवास मुळांत एकच असला पाहिजे. एका गांवच्या मुलानें त्याच गांवची मुलगी केली असेल तर ठीक; पण सैनिकाची भेट, प्रीति आणि लग्न ज्या गांवीं नेमणूक होईल त्या गांवीं व्हावयाचें, हें सांगावयास नकोच. म्हणून ज्यांना या कायद्याची खरी गरज होती, अशीं कितीतरी जोडपीं त्याच्याबाहेर राहिलीं. २०१८ च्या अखेरीस दुसरा कायदा झाला, आणि लग्न केव्हांहि झालेलें असो, जोडीदारानें करापुरता सैनिकाचा अधिवास आपला म्हणून स्वीकारावा, अशी मुभा त्यानें दिली. यानंतरचें पाऊल २०२२ च्या कायद्यानें टाकलें. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही २०२३ च्या जानेवारींत झाली. आतां सैनिकाचा अधिवास, जोडीदाराचा अधिवास, किंवा सैनिकाच्या कायम नेमणुकीचें ठिकाण, या तिहींपैकीं कोणतेंहि एक पतिपत्नींना करापुरतें निवडतां येतें. पूर्वीं पत्नीनें पतीचें घर आपलें मानावें ही सक्ति होती. आज दोघांपैकीं कोणीं कोणाचें घर आपलें मानावें, ही दोघांची निवड आहे.

हें तत्त्व आंकड्यांत उतरवून पाहिलें म्हणजे त्याचें मोल ध्यानांत येईल. कल्पना अशी करावी कीं, एक स्त्री आरमारांत अधिकारी आहे आणि तिचा अधिवास टेक्सासचा आहे. तिचा पति शाळेंत शिक्षक असून तो नॉर्थ कॅरोलिनाचा रहिवासी आहे. पत्नीची नेमणूक नॉरफोकला झाली म्हणून तो तिच्याबरोबर व्हर्जिनियांत आला व तेथील शाळेंत शिकवूं लागला. पत्नीच्या लष्करी पगारावर व्हर्जिनियाला कर घेतां येत नाहीं, आणि टेक्सास घेत नाहीं. उरला पतीचा पगार. सोयीसाठीं त्याचें करपात्र उत्पन्न सर्वत्र ४०,००० डॉलरच धरूं. २०२५ सालच्या दरांनीं व्हर्जिनियाचा कर २,०४२ डॉलर ५० सेंट होतो. त्यानें आपला नॉर्थ कॅरोलिनाचा अधिवास राखला तर त्या राज्याच्या सव्वाचार टक्के दरानें १,७०० डॉलर होतात. आणि दोघांनीं मिळून टेक्सास निवडलें तर राज्याचा कर शून्य. अधिकारी पति असता आणि शिक्षिका पत्नी असती, तरी हिशेब हाच राहिला असता. या कायद्याला वर्दी कोणाच्या अंगावर आहे एवढेंच पाहावयाचें असतें.

परंतु या सवलतीला मर्यादा आहेत, आणि त्या विसरल्यानेंच पुष्कळांचीं पत्रकें चुकतात. पहिली मर्यादा ही कीं, जोडीदाराची सूट ही त्याच्या श्रमाच्या कमाईपुरती आहे. वरील शिक्षकाचें नॉर्थ कॅरोलिनांत वडिलोपार्जित घर असेल व त्याचें भाडें येत असेल, तर त्या भाड्यावर नॉर्थ कॅरोलिनाला कर द्यावाच लागेल. भिंती बदलीवर जात नाहींत. दुसरी मर्यादा ही कीं, सैनिकाची सूट त्याच्या लष्करी पगारापुरती आहे. त्या अधिकारी स्त्रीनें सुटीच्या वेळीं नॉरफोकच्या एखाद्या दुकानांत हिशेब लिहून चार पैसे मिळविले, तर त्या पैशांवर व्हर्जिनियाचा हक्क आहे. मात्र अशा किरकोळ कमाईवर कर आकारतांना तिचा लष्करी पगार हिशेबांत मिळवून दर चढवावयाचा नाहीं, असें बंधन कायद्यानें राज्यावर घातलें आहे. तिसरी मर्यादा ही कीं, जोडीदारानें त्या राज्यांत राहण्याचें कारण सैनिकाचा सहवास हेंच असलें पाहिजे. सैनिकाची बदली झाली आणि जोडीदार आपल्या नोकरीसाठीं मागेंच राहिला, तर ती सूटहि मागें राहत नाहीं. सेवानिवृत्ति झाली किंवा दुर्दैवानें काडीमोड झाला, तरी अधिवासाचा विचार नव्यानें करावा लागतो.

आतां पत्रकें भरण्याविषयीं. मध्यवर्ती सरकारचा अधिवासाशीं सहसा संबंध येत नाहीं. बहुतेक दांपत्यें त्याच्याकडे एकच संयुक्त पत्रक पाठवितात, आणि १९४८ सालच्या कायद्यापासून असें संयुक्त पत्रक बहुधा लाभाचेंहि ठरत आलें आहे. ज्यांनीं दोन राज्यांचे दोन अधिवास राखले आहेत, त्यांनीं मात्र राज्यापुरतीं पत्रकें स्वतंत्र भरतां येतात कीं नाहीं, हें त्या त्या राज्याच्या सूचनांत पाहावें. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियांत एरवीं मध्यवर्ती पत्रक संयुक्त असल्यास राज्याचेंहि संयुक्तच द्यावें लागतें. परंतु दोघांपैकीं एक जण सैन्यांत असेल तर स्वतंत्र पत्रक देण्याची मुभा आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आदि नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई कायद्यानेंच दोघांची निम्मी-निम्मी मानली जाते. तेथील अधिवास असलेल्या दांपत्यानें स्वतंत्र पत्रकें भरतांना ही वांटणी ध्यानांत घेतलीच पाहिजे.

कागदपत्रांच्या बाबतींत एक गैरसमज फार रूढ आहे. भरती होतांना सैनिकाचें जें गांव दप्तरांत नोंदलें जातें, तेंच त्याचें कायदेशीर घर, असें अनेक जण धरून चालतात. तें तसें नाहीं. ती नोंद मुख्यतः नोकरी संपल्यावर परतीचा प्रवासखर्च कोठवरचा द्यावयाचा यासाठीं असते. अधिवास निराळा, आणि त्याचें प्रमाणपत्र लष्करी पगारखात्याकडे निराळें द्यावें लागतें. नुसत्या प्रमाणपत्रानेंहि भागत नाहीं. मतदारयादींतलें नांव, मोटार चालविण्याचा परवाना, गाडीची नोंदणी, मृत्युपत्र, अशा लहानमोठ्या गोष्टींतून माणसाचा खरा संकल्प सिद्ध होतो. कर नको म्हणून टेक्सासचें नांव सांगावयाचें आणि इतर सर्व कागद दुसऱ्या राज्याचे ठेवावयाचे, ही लबाडी फार दिवस टिकत नाहीं. जोडीदारानेंहि नोकरी धरतांच मालकाला सुटीचा अर्ज द्यावा, म्हणजे पगारांतून परक्या राज्याचा कर कापलाच जाणार नाहीं. कापला गेला असेल, तर परराज्याचा रहिवासी या नात्यानें पत्रक भरून तो परत मागतां येतो. अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें सैनिकांसाठीं विनामूल्य करसाह्याची व्यवस्थाहि केली आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा.

या सर्व व्यवस्थेवर एक आक्षेप घेण्यासारखा आहे, आणि तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नॉरफोकच्या रस्त्यांवरून सैनिकाची गाडी जाते, त्याचीं मुलें तेथल्याच सरकारी शाळेंत शिकतात, आग लागली तर तेथलाच बंब धांवून येतो. मग शेजारच्या घरांतील शिक्षिकेनें दोन हजार डॉलर कर द्यावा आणि सैनिकाच्या शिक्षक पतीनें कांहींच देऊं नये, हें न्याय्य कसें? आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. तथापि सैनिकाचें कुटुंब तेथें फुकट राहतें, हीहि समजूत खरी नव्हे. बाजारांत तें इतरांप्रमाणेंच विक्रीकर भरतें. सैनिकांची सूट विक्रीकराला लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं स्पष्ट केलें आहे. स्वतःचें घर विकत घेतल्यास त्यावरील घरपट्टीहि त्यास चुकत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, शेजारीण तेथें स्वेच्छेनें राहते. तिची नोकरी, तिची बढती, तिच्या ओळखीपाळखी वर्षानुवर्षें त्याच गांवांत वाढत जातात. सैनिकाच्या जोडीदाराला दर दोन-तीन वर्षांनीं हातची नोकरी सोडून नव्या गांवीं खालच्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. त्याच्या नोकरींत जें तुटतें त्याच्या मानानें ही सूट फारशी मोठी नाहीं.

म्हणून अशा दांपत्यानें प्रत्येक बदलीनंतर एक संध्याकाळ या कामासाठीं राखून ठेवावी. दोघांचे अधिवास कोणते, उत्पन्न कोठून येतें, कोणत्या राज्याची निवड करावयाची, हें एकत्र बसून ठरवावें. निवडीला अनुरूप कागदपत्रें तयार करावीं. आणि बदलीच्या हुकुमाची व लग्नाच्या दाखल्याची प्रत त्यांबरोबर जपून ठेवावी. निवड केवळ दर पाहूनहि करूं नये. नोकरी संपल्यावर दोघांना खरोखर कोठें राहावयाचें आहे, म्हाताऱ्या आईवडिलांपाशीं कोणास जावयाचें आहे, याचाहि विचार त्याच बैठकींत होणें इष्ट. १९४२ च्या कायद्यानें सैनिकाचें घर राखलें. त्याच्या जोडीदारासह तें एकच घर म्हणून राखलें जाण्यास आणखी ऐंशी वर्षें लागलीं. इतक्या उशिरानें मिळालेला हक्क केवळ माहितीच्या अभावीं वायां जाऊं नये.